दख्खनचे सापळे आणि ग्रुप नंबर चार

मार्च लागला की कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे रांग लागते. स्पायरल बायंडिंग, रंगीत कव्हर, आत ‘प्रमाणपत्र’, ‘ऋणनिर्देश’, ‘अनुक्रमणिका’ आणि मग इंटरनेटवरून उतरवलेली तीस-चाळीस पानं. तुमचा ग्रुप प्रोजेक्ट यंदा कोणत्या विषयावर आहे ते मला माहीत नाही. पण सहा जणांच्या ग्रुपमध्ये काम किती जणांनी केलं, हे मी न विचारता सांगू शकते. दीड. एकाने सगळं लिहिलं आणि दुसऱ्याने कव्हर पेज बनवलं, त्याला अर्धा धरू. बाकीचे चार जण व्हॉट्सअॅपवर अंगठा पाठवत बसले.

हसू नका, मीही त्यातलीच. आता मास कम्युनिकेशन शिकते आणि या पानासाठी इंटर्नशिप करते. पण त्याआधी वाशीम जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात होते. दुसऱ्या वर्षाला पर्यावरणशास्त्राचा प्रोजेक्ट होता. सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. एका ग्रुपला हिमयुग आलं, एकाला जुरासिक आलं आणि त्यांनी वर्गात टाळ्या वाजवल्या. आम्ही ग्रुप नंबर चार. आम्हाला आलं ‘क्रिटेशस कल्प’. आमच्यातल्या एकीने विचारलं, हे काय असतं? मी म्हटलं, डायनासोर मेले तो काळ. तेवढंच येत होतं मला. पण लॅपटॉप माझ्याकडे होता, त्यामुळे ग्रुप लीडरही मीच झाले.

मग जे तुम्ही करता तेच आम्ही केलं. इंग्रजी मजकूर शोधला, तो भाषांतराच्या अॅपमध्ये टाकला, आलेलं मराठी जसंच्या तसं चिकटवलं. कव्हरवर टायरॅनोसॉरसचा जबडा. (तो मुळात क्रिटेशसमधलाच, जुरासिकमधला नव्हे. सिनेमाच्या नावामुळे जुरासिकवाल्यांनीही कव्हरवर तोच लावला होता. म्हणजे दोन ग्रुपचं कव्हर एकच.) एकूण ३८ पानं. पान २३ वर एक मथळा होता, ठळक अक्षरात, अधोरेखित करून : ‘दख्खनचे सापळे’.

सापळे! इंग्रजीत ‘डेक्कन ट्रॅप्स’ लिहिलेलं, अॅपने ट्रॅपचा सापळा केला. मी टाईप केलं, दुसरीने तपासलं, सरांनी त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण केली. २५ पैकी २२ मार्क. तिघांपैकी एकालाही प्रश्न पडला नाही, की दख्खनच्या पठारावर एवढे सापळे कोणी लावले आणि कोणासाठी.

ट्रॅप हा शब्द आलाय स्वीडिश भाषेतल्या ‘ट्राप्पा’वरून. अर्थ, जिना किंवा पायऱ्या. अकोल्याहून पातूर, मेडशी करत मालेगावकडे येताना एसटीच्या खिडकीतून डोंगर बघा. उतार सरळ नसतो. एक कडा, मग सपाट पट्टा, पुन्हा कडा, पुन्हा पट्टा. कठीण थर उभे राहतात, मऊ थर झिजून मागे सरकतात, आणि डोंगराला पायऱ्या पडतात. त्या पायऱ्या म्हणजे ट्रॅप. आम्ही त्याच रस्त्याने अकोल्याला कपडे घ्यायला जात होतो.

आता मूळ गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ३८ पानांत ती आम्ही सांगितलीच नव्हती. क्रिटेशस कल्प सुमारे साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपला. तो संपत आला तेव्हा भारत आशियाला चिकटलेला नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, समुद्रात, उत्तरेकडे सरकत असलेला एक मोठा तुकडा होता. त्या सुमाराला इथली जमीन फाटली आणि लाव्हा बाहेर पडू लागला. हिंदी महासागरात रियुनियन बेट आहे ना, त्याच्या खालचा जो तप्त भाग आज आहे, त्याच्यावरून आपण तेव्हा जात होतो, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शंकूसारखा डोंगर आणि वरून उडणारी आग येते. इथे प्रामुख्याने जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ लाव्हा चहा उतू गेल्यासारखा पसरत गेला. थिजला. काही काळ शांत. पुन्हा उतू गेला. असे थरावर थर. आज उरलेला भागसुद्धा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. कोयनेजवळ भोक पाडून बघितलं तेव्हा खालचा ग्रॅनाइट लागायला सव्वा किलोमीटरच्या आसपास खाली जावं लागलं. किल्लारीला, भूकंपानंतर, ३३८ मीटरवर थर संपले. सह्याद्रीकडे जाडी जास्त, पूर्वेकडे येताना ती कमी होत जाते.

आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. वयाने आपल्यापेक्षा थोडाच मोठा. पण कारंज्यापासून रिसोडपर्यंत जवळजवळ सगळा जिल्हा या थिजलेल्या लाव्हावर बसलाय. सोयाबीन ज्या काळ्या मातीत येतं ती याच खडकाची झालेली माती. उन्हाळ्यात त्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून चप्पल ओढून घेते, तो तिच्यातल्या चिकणमातीचा गुण. बांधावर सापडणाऱ्या गारगोट्या लहानपणी तुम्हीही घासून ठिणग्या पाडल्या असतील. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची जी पोकळी राहिली, तिच्यात नंतर पाण्यासोबत आलेली खनिजं साचून त्यातल्या बऱ्याच तयार झाल्या. आणि इतिहासाचे सर ज्या वत्सगुल्माचं, म्हणजे आपल्या वाशीमचं, नाव घेताना खुर्चीतून उठून उभे राहायचे, त्या वाकाटकांच्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची कितीतरी लेणी खोदली गेली. तीही याच काळ्या पाषाणात. म्हणजे इतिहासाचा पेपर घ्या, शेतीचा घ्या किंवा पर्यावरणाचा, खाली खडक एकच.

आम्ही मात्र पान २३ वर सापळे लावून बसलो होतो.

आता ग्रुप नंबर चारमधल्या सहाव्या माणसाबद्दल. हे लिहायचं की नाही यावर मी बराच विचार केला. त्याला विचारून लिहिते आहे, नाव मात्र देत नाही. तो मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून येऊन-जाऊन करायचा. प्रोजेक्टच्या तीन मीटिंग झाल्या, तिन्हीला तो नव्हता. मेसेज केला तर दोन दिवसांनी उत्तर, ‘घरी काम हाये, तू टाकून दे माझं नाव.’ मला राग आला. तुम्हालाही आला असता. मी रात्री दीडपर्यंत जागून ३८ पानं जुळवायची आणि याने फुकटात २२ मार्क न्यायचे? सबमिशनच्या आदल्या दिवशी मी सरांना सांगितलं, याने काहीच केलेलं नाही. सर म्हणाले, मग नाव काढ. मी काढलं. अनुक्रमणिकेच्या आधीचं पान पुन्हा छापून आणलं, पाच नावांचं. त्याला नंतर एकट्याने वेगळं काहीतरी लिहून द्यावं लागलं आणि मार्क जेमतेम पासापुरते मिळाले.

नियमाने बघितलं तर मी चुकले नव्हते. आजही ग्रुपमधल्या ‘फुकट्यां’वर कोणी तक्रार केली तर मी त्याच्याच बाजूने असेन. पण मी एक प्रश्न विचारला नव्हता. घरी काम आहे, म्हणजे काय काम आहे?

मे महिन्यात वर्गातल्या एका मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न त्याच्याच गावात होतं. हळदीच्या दिवशी दुपारी, लाइट गेलेली, आम्ही तीन मुली गावाबाहेर फिरायला निघालो आणि शेतात क्रेन दिसली. विहिरीचं काम चाललं होतं. तो काठावर उभा राहून वर येणारी बकेट रिकामी करत होता. मला बघून ओळखीचं हसला. मीच ओशाळले. मार्चपासून विहीर चालू होती. मजूर परवडत नव्हते म्हणून तो आणि त्याचा भाऊ आळीपाळीने वडिलांसोबत राबत होते. सुरुंग लावायच्या दिवशी दोघंही लागायचे. आमच्या तिन्ही मीटिंग नेमक्या त्याच दिवसांत होत्या की काय ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

विहिरीच्या काठाशी निघालेल्या दगडांचे ढीग होते. वेगवेगळे. मी सहज विचारलं, असे वेगळे का ठेवलेत? तो म्हणाला, ‘जसं निंगालं तसं ठेवलं.’ आणि मग सांगत गेला. वर चार-पाच फूट काळी माती. मग मुरूम. मग मांजऱ्या, म्हणजे कुदळीने फुटणारा ठिसूळ खडक. त्याच्याखाली काळा पाषाण लागला, अखंड, त्यातच दोन महिने गेले, सुरुंगाशिवाय हलेना. पाषाण संपला आणि एकदम तांबडं लागलं. हातभर जाडीचं, विटेच्या रंगाचं, मऊ. ‘मले वाटलं गेरूच निंगाला,’ तो म्हणाला. त्या तांबड्याच्या खाली पुन्हा भोकाभोकांचा दगड, काही भोकांत पांढरे खडे. आणि तिथून पाणी पाझरायला लागलं होतं.

मी वाकून आत बघितलं. भिंतीवर सगळे पट्टे दिसत होते. वरचा करडा, मधला काळाभोर, खाली तांबडी रेघ, त्याखाली ओलं चमकणारं काहीतरी. माझ्या पान २४ वर हे लिहिलेलं होतं. ‘लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये लाल थर आढळतो.’ वाक्य बरोबर होतं. मी ते लिहिलं होतं आणि मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

तो लाल थर म्हणजे दोन उद्रेकांच्या मधली सुट्टी. एक लाव्हा थिजला, त्यावर पाऊस पडला, ऊन पडलं, वरचा भाग कुजून माती झाली. मग पुढचा लाव्हा आला, त्याने ती माती खालीच दाबली आणि भाजली. भूगर्भशास्त्रात याला ‘रेड बोल’ म्हणतात. सुट्टी किती वर्षांची होती हे थराथरांवर अवलंबून.

याच लाल थरांवरून जगातल्या एका मोठ्या वादात उड्या पडल्या आहेत. डायनासोर कशाने मेले? १९८० मध्ये वॉल्टर अल्वारेझ हा भूगर्भशास्त्रज्ञ, त्याचे नोबेलविजेते वडील लुइस आणि त्यांच्यासोबत दोन रसायनतज्ज्ञ, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल, अशा चौघांनी ‘सायन्स’मध्ये शोधनिबंध छापला. इटलीतल्या गुब्बिओजवळ क्रिटेशस संपतो तिथल्या मातीच्या पातळ थरात इरिडियम हा धातू नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त सापडला होता. पृथ्वीच्या पाठीवर तो फार विरळ, लघुग्रहांत भरपूर. म्हणून त्यांनी म्हटलं, आकाशातून काहीतरी येऊन आदळलं. पुढे मेक्सिकोत चिक्शुलुबचं सुमारे १८० किलोमीटर रुंद विवरही ओळखलं गेलं. पण दुसरा संशयित कायम उभा होता. आपले थर. एवढा लाव्हा बाहेर पडताना जे वायू निघाले त्यांनी हवामान बिघडवलं नसेल का? आणि बिघडवलं असेल तर लघुग्रहाच्या आधी की नंतर?

हे ठरवायचं तर थरांचं वय अगदी बारीक मोजावं लागतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन गटांचे दोन निबंध आले. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन यांच्या गटाने प्रामुख्याने या लाल थरांत अडकलेल्या राखेतले झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक घेतले आणि त्यातल्या युरेनियमचं शिसं किती झालंय ते मोजलं. बर्कलीच्या गटाने, कर्टनी स्प्रेन आणि पॉल रेने वगैरेंनी, लाव्हातलीच खनिजं घेऊन आर्गॉन वायूवरून वय काढलं. त्यांच्यात आयआयटी मुंबईचे कांचन पांडे होते. प्रिन्स्टनवाले म्हणाले, लाव्हा चार मोठ्या झटक्यांत आला आणि त्यातला एक लघुग्रहाच्या आधी, हजारांत नव्हे तर दहा-दहा हजारांत मोजावी लागतील इतकी वर्षं आधी सुरू झाला. बर्कलीवाले म्हणाले, तसे झटके दिसत नाहीत आणि सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा तर आदळण्याच्या नंतरच आला. तेच डोंगर, तोच सह्याद्री, उत्तरं वेगळी. दोघांनी आपापली मोजमापं उघड ठेवली आणि पुढच्यांनी ती तपासावीत म्हणून सोडून दिली.

आणि प्रिन्स्टनच्या त्या निबंधावर शेवटचं नाव कोणाचं आहे? सय्यद खादरी. भूगर्भशास्त्र विभाग, अमरावती विद्यापीठ. आपलं विद्यापीठ! ज्याच्या नावाचा शिक्का आपल्या मार्कशीटवर असतो तेच. आमच्या प्रोजेक्टमध्ये अमेरिकन वेबसाइटची तीन नावं होती आणि जिथे आम्ही परीक्षेचे फॉर्म भरतो त्या विद्यापीठातल्या माणसाचं नाव नव्हतं, कारण आम्ही शोधलंच नव्हतं. या थरांच्या गटांची नावं तर ऐका : इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. जगभरचे विद्यार्थी ही नावं जीभ वळवून पाठ करतात.

विदर्भाचं घ्या. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनासोरची हाडं सापडली आणि त्यांचं शेणही सापडलं, दगड झालेलं. २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्या शेणात गवताचे अतिसूक्ष्म अवशेष शोधले. तोवर डायनासोरांनी गवत खाल्लं नाही, कारण तेव्हा गवत नव्हतंच, असं पुस्तकांत असायचं. पुस्तकं बदलावी लागली, विदर्भातल्या शेणामुळे. नागपूरच्या टाकळीला, दोन लाव्हांच्या मधल्या गाळात, हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांना १८५० च्या दशकातच गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि झाडांची फळं-बिया सापडल्या होत्या. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच हे हिस्लॉप. आणि रिसोडवाल्यांना लोणार किती जवळ! तो खड्डा लघुग्रह किंवा उल्का याच आपल्या काळ्या पाषाणावर आदळून झालाय, १.८ किलोमीटर रुंद. आपण तिथे २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा रील बघितले.

परत विहिरीकडे येते, कारण मला वाटतं खरा मुद्दा तिथे आहे.

आपल्या जिल्ह्यात खरिपाचं सोयाबीन-तूर पावसावर निघतं. रब्बीचा हरभरा किंवा गहू घ्यायचा तर विहीर पाहिजे. आणि विहीर म्हणजे जुगार, असं सगळेच म्हणतात. पाणाड्या येतो, तळहातावर नारळ उभा राहतो, जागा ठरते, कर्ज निघतं. एकाला पन्नास फुटांवर पाणी, शेजारच्या बांधावर तीनशे फूट बोअर मारून धूळ. याला नशीब म्हणतात. पण त्यात थरांचा हिशेब आहे. बसॉल्टचा मधला अखंड पाषाण पाणी धरत नाही, त्याला भेगा असल्या तरच. पाणी असतं प्रत्येक प्रवाहाच्या वरच्या भोकाभोकांच्या, कुजलेल्या भागात. ती भोकं खनिजांनी बुजलेली असली तर तिथेही पंचाईत. लाल थर पाण्याला आडवा येतो. कोणता थर कुठे किती खोल आहे हे कळलं तर जुगार संपत नाही, पण डाव जरा बरा खेळता येतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा हे काम करतेच. पण एका गावातल्या चाळीस विहिरींच्या भिंती कोण उतरून बघणार?

तुम्ही. म्हणजे आपण. सहा जण, एक दोरी, एक टेप आणि मोबाइल. (दोरी मोजण्यासाठी आहे, उतरण्यासाठी नाही. विहिरीत उतरायचं नाही, काठावरून मोजायचं. कठडा नसलेल्या विहिरीपाशी सेल्फी तर अजिबात नाही.) थर कोणता, किती फुटांपासून किती फुटांपर्यंत, पाणी कुठून झिरपतं, मे महिन्यात पातळी किती. एका गावाचे असे वीस तक्ते झाले, तर तो क्रिटेशसवरचा असा प्रोजेक्ट होईल जो आजवर कोणी इंटरनेटवर टाकलेला नाही. कॉपी करायची सोयच नाही. समृद्धी महामार्गाने शेलूबाजारजवळ डोंगर कापून ताजे थर उघडे केलेत, ते तर गाडीतूनही दिसतात. पण तिथे थांबायला मनाई आहे, तेव्हा जुन्या घाटरस्त्यावरच जा.

‘सर विषय देतात, आम्ही काय करणार’ असं म्हणाल. मीही म्हणाले असते. म्हणून मी जुना अभ्यासक्रम शोधून वाचला. सुप्रीम कोर्टाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाबद्दल निर्देश दिले, त्यातून पुढे यूजीसीने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. त्यात १०० पैकी २५ मार्क क्षेत्रकार्याला. आणि क्षेत्रकार्यातली पहिलीच गोष्ट काय लिहिली आहे? जवळच्या परिसराला भेट द्या आणि तिथली नदी, जंगल, गवताळ भाग, टेकडी यांची नोंद करा. म्हणजे आम्ही ज्यावर २२ मार्क मिळवले ते काम मुळात मागितलंच नव्हतं. मागितलं होतं ते तो सहावा माणूस करत होता, नकळत. नव्या शैक्षणिक धोरणात तर फील्ड प्रोजेक्ट क्रेडिटमध्येच आलाय. फॉर्म बदलला, पण झेरॉक्सवाल्याकडची रांग यंदाही तेवढीच आहे. मी बघून आले.

सरांची बाजूही खोटी नाही. एका शिक्षकाकडे दीडशे मुलं, तपासायला आठवडा, गावोगाव न्यायला गाडी नाही. जाडी बघून मार्क दिले जातात ते आळसाने नव्हे, वेळ नसतो म्हणून. पण मग पानांची अट काढून टाका ना. आठ पानं घ्या, त्यातली सहा मुलांनी स्वतः मोजलेली. आणि तोंडी परीक्षेत प्रत्येकाला एकच प्रश्न : यातलं तू काय बघितलंस? फुकट्या तिथे आपोआप सापडतो. ग्रुप लीडरला चुगली करावी लागत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या दिवशी विहिरीवर मी त्याला विचारलं, हे तांबडं कशाने झालं असेल? तो म्हणाला, जुन्या काळी मोठा पूर आला असेल, त्याचा गाळ. त्यालाही माहीत नव्हतं. गावच्या पोराला सगळं ठाऊक आणि शहरी पुस्तकी मुली वेड्या, असली सिनेमातली गोष्ट ही नव्हे. माझ्याकडे ६ कोटी ६० लाख हा आकडा होता आणि त्याच्याकडे थर होता. मीटिंगमध्ये आम्ही दोघं समोरासमोर बसलो असतो तर कदाचित जुळलं असतं. बसलो नाही. त्यात त्याचीही चूक आहे, ‘विहीर चालू हाये’ हे तीन शब्द त्याला लिहिता आले असते. नंतर विचारलं तर म्हणाला, ‘ग्रुपवर काय लिहू, घरची गोष्ट.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्यापैकी किती जण असे घरची गोष्ट म्हणून गप्प असतात, आणि आपण त्यांना फुकट्यांच्या यादीत टाकून मोकळे होतो, हे प्रत्येकाने आपापला ग्रुप उघडून बघावं.

जूनमध्ये मी सरांकडे गेले होते. मार्क बदलता येतील का म्हणून. निकाल विद्यापीठाकडे गेला होता, आता काही होत नाही, म्हणाले. चहा पाजला. सापळ्यांचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी कपाटातून आमची फाइल काढली, पान २३ उघडलं, आपलीच लाल खूण बघितली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पेनाने ‘सापळे’ खोडून वर ‘पायऱ्या’ लिहिलं. पुढच्या बॅचला त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या त्यात गावांची नावं होती, एवढं मला ज्युनिअर्सकडून कळलं.

हा लेख पाठवण्याआधी त्याला फोन करून वाचून दाखवला. विहिरीला आता पाणी बरं आहे, मागच्या वर्षी हरभरा घेतला म्हणाला. सगळं ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाला, थर हातभर नव्हता, दीड हात होता, मोजून ठेवलंय. वर ‘हातभर’ लिहिलंय ते त्यामुळे चूक आहे, दीड हात वाचा. पान लावून झालं होतं, दुरुस्ती इथेच करते.

या आठवड्यात बऱ्याच कॉलेजांत विषयवाटप आहे. चिठ्ठी उचलायच्या आधी सरांना विचारा, की कल्प कोणताही द्या, पण गाव आम्ही निवडू का?